सातबाऱ्याच्या बाजूने : स्वतंत्र पक्षाच्या परंपरेकडे पाहताना

मराठीत काँग्रेसवर, समाजवाद्यांवर, शेतकरी कामगार पक्षावर आणि शिवसेनेवर मुबलक लिहिले गेले आहे. स्वतंत्र पक्षावर मात्र फारसे काही हाती लागत नाही. जेमतेम पंधरा वर्षे जगलेला, शेवटी दुसऱ्या पक्षात विलीन झालेला आणि महाराष्ट्रात कधीच बस्तान न बसवलेला हा पक्ष. त्याच्यासाठी ग्रंथालयात कोण बसणार, असे कुणालाही वाटेल. नव्या अभ्यासकाने अवश्य बसावे, असे माझे सांगणे आहे. कमाल शेतजमीन धारणा कायदा आणि आवश्यक वस्तू कायदा रद्द करा, कांद्याची निर्यात आणि नवे बियाणे अडवू नका, अशा मागण्या आज स्वतंत्र भारत पक्ष आणि शेतकरी संघटना करत आहेत. त्यांचे मूळ शोधत मागे गेले की आपण १९५९ सालापाशी येऊन थांबतो.

त्या वर्षी जानेवारीत नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला. जमिनीची मालकी कागदोपत्री शेतकऱ्याची राहील, पण कसणे सामुदायिक होईल, अशी ती कल्पना होती. ज्याच्या हातून कसण्याचा अधिकार जातो त्याच्याकडे मालकीचे उरते काय, हा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला. काँग्रेसमध्ये राहून चरणसिंगांनी ठरावाला विरोध केला. बाहेर मद्रासमध्ये ऐंशी वर्षांच्या राजाजींनी जूनमध्ये नव्या पक्षाची घोषणा केली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत त्याचे पहिले अधिवेशन झाले. आंध्रातले शेतकरी नेते एन. जी. रंगा अध्यक्ष झाले आणि मिनू मसानी सरचिटणीस. कन्हैयालाल मुन्शीही सोबत आले. १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्षाच्या स्थापनेत ज्यांचा हात होता तेच मसानी पंचवीस वर्षांनी नियोजनाच्या विरोधात उभे राहिले. हा प्रवास एका स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे.

पक्षाने एकवीस मूलतत्त्वे जाहीर केली. त्यांतले शेवटचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते : या तत्त्वांच्या कक्षेबाहेरच्या प्रत्येक प्रश्नावर सदस्याला स्वतःचे मत मांडण्याची मोकळीक राहील. म्हणूनच दारूबंदीचे कट्टर पुरस्कर्ते राजाजी, मुंबईचे उद्योगस्नेही मसानी, गुजरातचे भाईकाका पटेल आणि राजस्थान-ओडिशातले माजी संस्थानिक एका छत्राखाली नांदू शकले. अमेरिकी अभ्यासक हॉवर्ड अर्डमन यांनी १९६७ साली या पक्षावरचा आपला ग्रंथ भारतीय परंपरावादाचा अभ्यास म्हणून मांडला. तेव्हापासून परंपरावादी की उदारमतवादी, हा वाद चालू आहे. माझ्या मते दोन्ही प्रवाह इथे एकाच ठिकाणी येऊन मिळतात : माणसाने कमावलेले किंवा वारशाने मिळालेले सरकारने सहजासहजी काढून घेऊ नये. एकाला त्यात घराण्याची प्रतिष्ठा दिसते, दुसऱ्याला व्यक्तीचे स्वातंत्र्य. कुठे एकजूट झाली आणि कुठे फाटले, हे गुजरातेत वेगळे दिसेल आणि ओडिशात वेगळे.

निवडणुकांचा हिशेब थोडक्यात सांगतो. १९६२ मध्ये लोकसभेत १८ जागा, १९६७ मध्ये ४४ जागा आणि सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचे स्थान, १९७१ मध्ये अवघ्या आठ, आणि १९७४ मध्ये चरणसिंगांच्या भारतीय लोकदलात विलीनीकरण.

महाराष्ट्राचे कोडे यापेक्षा रंजक आहे. पक्षाचे पहिले अधिवेशन मुंबईत झाले, सरचिटणीस मुंबईचे, पैसा आणि विचारही बराचसा मुंबईचा. तरी मसानींना १९६३ मध्ये लोकसभेत जायला गुजरातेतले राजकोट गाठावे लागले. इथल्या बागायतदाराला नागपूर ठरावाची धास्ती का वाटली नाही? उत्तराचा एक धागा प्रवरानगरला सापडतो. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या सुमारास चालू झाला. तिथे ऊस ज्याच्या त्याच्या शेतातला, सातबारा ज्याच्या त्याच्या नावावर. सहकार होता तो गाळपात आणि विक्रीत. मालकी शाबूत ठेवून सहकाराचा लाभ मिळत होता आणि तो काँग्रेसच्याच हातून मिळत होता. यशवंतराव चव्हाणांच्या काळात ही घडी पक्की बसली. ज्याचे पोट भरले होते त्याला राजाजींचा इशारा परका वाटला.

पण हे बागायतीचे झाले. कोरडवाहू शेतकऱ्याच्या वाट्याला लेव्ही, निर्यातबंदी आणि पडेल भाव आले. बर्नमधील जागतिक टपाल संघटनेतली नोकरी सोडून परतलेल्या शरद जोशींनी चाकणजवळ आंबेठाणला जमीन घेतली. कांद्याच्या भावावरून आंदोलन उभे राहिले आणि १९७९ मध्ये शेतकरी संघटना स्थापन झाली. सरकारने बाजारातून हात काढावा ही जी मागणी १९६० च्या दशकात इंग्रजी नियतकालिकांतून होत होती, तीच आता कांद्याच्या वक्कलीपाशी उभे राहून मराठीत होऊ लागली. १९९४ मध्ये जोशींनी पक्ष काढला आणि नाव ठेवले स्वतंत्र भारत पक्ष. हा वारसा त्यांनी जाणीवपूर्वक स्वीकारला होता. या पक्षाचे आमदार म्हणून वामनराव चटप २००४ मध्ये राजुऱ्यातून विधानसभेत गेले.

अशा पक्षाचे काम मतपेटीत कमी आणि कायद्याच्या कलमांत जास्त दिसते, म्हणून अभ्यासकाने कायदे वाचायला शिकले पाहिजे. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९८९ पासून लागू झालेले २९-अ हे कलम घ्या. नोंदणी हवी असलेल्या पक्षाला आपल्या घटनेत समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांवर निष्ठा लिहून द्यावी लागते. ज्याचा जन्मच समाजवादी नियोजनाला विरोध करण्यासाठी झाला त्याने ही निष्ठा कशी लिहून द्यायची? जुन्या स्वतंत्र पक्षाच्या एस. व्ही. राजू यांनी १९९० च्या दशकात हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला. लोकशाहीत शपथेतून विचारसरणी लादावी का, याचा इतका नेमका दाखला दुसरा सापडणे कठीण. तसेच राज्यघटनेचे नववे परिशिष्ट, मूलभूत हक्कांच्या आधारे होणाऱ्या आव्हानापासून कायद्यांना संरक्षण देणारे. १९५१ मध्ये पहिल्या घटनादुरुस्तीने ते तेरा कायद्यांनिशी सुरू झाले. आज त्यात २८४ नोंदी आहेत. महाराष्ट्राचा १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा त्यातच आहे. बारमाही बागायत अठरा एकर आणि कोरडवाहू चोपन्न एकर ही त्याची मर्यादा. हा कायदा हटवा, अशी मोहीम आजही चालू आहे.

या परंपरेतली माणसे सहज एका खणात बसत नाहीत. ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षणाचे विधेयक १८६ विरुद्ध एक असे मंजूर झाले. ते एक मत शरद जोशींचे. राखीव मतदारसंघ दर निवडणुकीला फिरते ठेवण्यावर त्यांचा आक्षेप होता. याच माणसाने १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन भरवले होते आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करून द्यायला लावली होती. संसदेतल्या जागेपेक्षा सातबाऱ्यावरचे नाव बाईला अधिक बळ देते, असा त्यामागचा हिशेब मला दिसतो. तो बरोबर होता का, यावर वाद घालावा. पण दोन्ही घटना एकत्र ठेवूनच घालावा.

अलीकडचा काळही अभ्यासाला खुला आहे. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेच्या शेतकऱ्यांनी तणनाशक सहन करणाऱ्या एचटीबीटी कापसाचे मंजुरी नसलेले बियाणे जाहीरपणे पेरले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कृषी कायद्यांवर नेमलेल्या समितीत शेतकरी संघटनेचे अनिल घनवट होते; ते कायदे मागे घेतले गेल्यावर समितीचा अहवाल त्यांनीच लोकांपुढे ठेवला. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या काळातल्या कांदा निर्यातबंदीने जुना प्रश्न पुन्हा तापला.

एक उणीव मात्र स्पष्ट सांगायला हवी. ज्याच्या नावावर सातबाराच नाही त्या शेतमजुराबद्दल या परंपरेने फार कमी बोलून ठेवले आहे. शेतमालाला भाव मिळाला की मजुरी वाढेल, हे तिचे ठरलेले उत्तर. ते पडताळून पाहण्याचे काम बाकी आहे आणि ते सहानुभूती असलेल्याने केले तर अधिक बरे.

साधने भरपूर आहेत. राजाजींचे लेख ‘स्वराज्य’ साप्ताहिकात सापडतील, मसानींचे ‘फ्रीडम फर्स्ट’मध्ये. नवव्या परिशिष्टात आणखी जमीन कायदे घालणाऱ्या १९६४ च्या सतराव्या घटनादुरुस्तीवरची लोकसभेतली चर्चा मुळातून वाचावी. कमाल जमीनधारणा कायद्यावरचा १९८१ चा ‘वामनराव विरुद्ध भारत सरकार’ खटल्याचा निकाल आणि शेतकरी संघटनेची मराठी प्रकाशने एकाशेजारी एक ठेवावीत. मग तलाठ्याकडच्या फेरफार नोंदवहीकडे वळावे. लक्ष्मीमुक्तीत झालेल्या नोंदींपैकी किती जमिनी आजही त्या बायकांच्या किंवा त्यांच्या मुलींच्या नावावर आहेत, हे गावोगाव जाऊन पाहता येईल. ते काम हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याची या क्षेत्राला गरज आहे.