कॅरम बोर्ड : पृष्ठपोत आणि सरक

कॅरम बोर्डावर स्ट्रायकर आणि सोंगट्या किती दूर आणि किती सरळ घसरतात हे खेळपृष्ठाची सूक्ष्म घडण, म्हणजेच पृष्ठपोत, त्यावर पसरलेली पावडर आणि भोवतालच्या हवेतील ओलावा या तिन्हींच्या संयोगाने ठरते. यांपैकी एकाच घटकाचा विचार करून बोर्ड ‘फास्ट’ किंवा ‘स्लो’ ठरवण्याची सवय सर्वत्र आढळते, पण ती अपुरी आहे.

आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघाच्या (स्थापना १९८८) नियमांप्रमाणे खेळपृष्ठ किमान ८ मिमी जाडीच्या प्लायवुडचे आणि ७३.५ ते ७४ सेंमी बाजूचे चौरस असते. स्ट्रायकरचे वजन १५ ग्रॅमपेक्षा आणि व्यास ४.१३ सेंमीपेक्षा अधिक चालत नाही, तर सोंगटी ५ ते ५.५ ग्रॅमची असते. पृष्ठ पुरेसे गुळगुळीत आहे की नाही याची नियमांतील कसोटी अशी की, पूर्ण जोराने मारलेल्या १५ ग्रॅमच्या स्ट्रायकरने बोर्डावर साडेतीन फेऱ्या माराव्यात. या कसोटीत चौकटीवर आपटून परतताना होणारी ऊर्जेची हानी आणि मारणाऱ्याच्या बोटांतील बळ हेही मिसळलेले असल्यामुळे तिला केवळ पृष्ठाचे मापन म्हणता येत नाही. मात्र स्पर्धेच्या जागी कोणत्याही उपकरणाशिवाय करता येणारी तितकी सोपी दुसरी चाचणीही नाही.

सपाट पृष्ठावर घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढते आणि जडत्वही त्याच प्रमाणात वाढते, म्हणून घर्षण गुणांक समान असेल तर सारख्या वेगाने सुटलेला जड स्ट्रायकर आणि हलकी सोंगटी सारख्याच अंतरावर थांबतात. स्ट्रायकरच्या जादा वजनाचा लाभ सरकेत नव्हे, तर टक्करीत सोंगटीला मिळणाऱ्या वेगात दिसतो. घर्षण गुणांक निम्मा झाला की थांबण्यापूर्वीचे अंतर दुप्पट होते. म्हणूनच नाजूक ‘कट’ खेळणाऱ्याला बोर्डाच्या पोतातील किरकोळ फरकही जाणवतो.

प्लायवुडच्या वरच्या पापुद्र्याला लाकडाचे रेषे आणि छिद्रे असतात. ती घासून व पॉलिशने भरून काढली नाहीत, तर रेषांच्या दिशेने आणि त्यांच्या आडव्या दिशेने सरक वेगवेगळी मिळते. पण पृष्ठ आरशासारखे करणे हाही उपाय नव्हे, कारण दोन अतिगुळगुळीत सपाट पृष्ठांमध्ये हवेतील ओलाव्याचा पातळ थर अडकला की केशाकर्षणाने ती एकमेकांना धरून ठेवतात. बर्फावरील स्कीच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक तीव्रतेने येतो : घर्षणाच्या उष्णतेने वितळलेले पाणी तिथे वंगणाचे काम करते, परंतु ते जास्त झाले की तळ बर्फाला ओढला जातो, म्हणून स्कीच्या पॉलिएथिलीन तळावर थंड, कोरड्या बर्फासाठी बारीक आणि ओल्या बर्फासाठी खोल खाचा पाडतात.

कॅरममध्ये खाचांच्या जागी पावडर, बहुधा बोरिक आम्लाची, असते. बोरिक आम्लाचे स्फटिक स्तरित असून स्तरातील रेणू हायड्रोजन बंधांनी घट्ट जोडलेले, तर सुमारे ०.३१८ नॅनोमीटर अंतरावरचे शेजारचे स्तर क्षीण व्हॅन डर वाल्स प्रेरणांनी धरलेले असतात. त्यामुळे दाब देऊन सरकवताच ते पत्त्यांच्या कॅटाप्रमाणे एकमेकांवरून घसरतात. अशा शुष्क वंगणाचा पातळ, एकसारखा थर पृष्ठाच्या सूक्ष्म खड्ड्यांत बसतो आणि सोंगटीचा लाकडाशी थेट संपर्क कमी करतो. पावडर जास्त झाली तर सोंगटीपुढे तिचे ढीग साचतात आणि मार्ग वाकतो.

वऱ्हाडात या तिन्ही घटकांचे नाते ऋतूनुसार ठळकपणे बदलते. अकोला, अमरावती किंवा सातपुड्याच्या पायथ्याच्या वरूड परिसरात एप्रिल-मेची हवा अतिशय कोरडी असते, त्यामुळे सुटीतील बोर्ड आपोआपच पळतो. परंतु खोलीत कूलर सुरू असेल, तर पाण्याच्या बाष्पीभवनाने गारवा देणारे हे यंत्र हवा दमट करते आणि बोर्ड पावसाळ्यासारखा जड वाटू लागतो. गणेशोत्सवातील स्पर्धा नेमक्या दमट काळात येतात : प्लायवुड ओलावा शोषून किंचित फुगते, बारीक कणांच्या सांध्यांत पाणी साचून पावडरीच्या गुठळ्या होतात. अशा वेळी नवी पावडर टाकत राहण्यापेक्षा जुनी पुसून घेणे अधिक उपयोगी ठरते. बोर्डावर टांगलेला दिवा प्रकाशाबरोबर थोडी उष्णता देतो, मात्र एलईडी दिव्यांमुळे तो लाभ बराच घटला आहे.

पुसण्यासाठी कोरडे कापड वापरावे, कारण बोरिक आम्ल पाण्यात विरघळते आणि ओले पुसल्यास वाळल्यावर त्याचे खरखरीत स्फटिक पृष्ठावर उरतात. बोरिक आम्ल पोटात गेल्यास अपायकारक असल्याने खेळानंतर हात धुणे आणि पावडरीचा डबा लहान मुलांच्या हाती लागू न देणे आवश्यक असते.