नरसिंहाचा हात

"काका, लांडगामाणूस काढायचाय. पण नुसता भीतीदायक नको, दिसायला छान पण पाहिजे. दोन्ही एकदम जमतच नाही."

दिवाळीत गंगापूरला घरी गेलो होतो तेव्हा पुतणीने वही पुढे केली. नववीत आहे. वहीत अठरा-वीस वेअरवुल्फ होते. काहींचे सुळे हनुवटीपर्यंत आलेले, ते बघून हसू येत होतं. काही इतके देखणे की एखाद्या हिंदी हिरोला कान लावल्यासारखे. मधलं काही नव्हतं. तिची तक्रार अगदी बरोबर होती.

घरात ह्या वहीवरून कुरबुर चालू होती. दिवेलागणीला असलं काही काढत बसू नये, असं आईचं म्हणणं. शाळेत चित्रकलेच्या तासाला 'हे काय भुताटकी' म्हणून पान फाडून झालेलं. मला गंमत वाटली, कारण मी लहान असताना पाटीवर नरसिंह काढला होता तेव्हा आजीने तो माझ्यादेखत पुसला होता. उग्र रूप घरात ठेवू नये, मांडीवर लक्ष्मी असेल तर चालेल, असा तिचा नियम. म्हणजे भीती चालेल, पण शेजारी कोणीतरी शांत बसलेलं हवं. (हा नियम चित्रकलेचा म्हणूनही वाईट नाही.)

मी चित्रकार नाही. पण अर्धं जनावर आणि अर्धा माणूस एकाच अंगात कसा बसवायचा, ह्या प्रश्नावर आपल्याकडे दीड हजार वर्षं तरी काम झालंय. त्यातलं सगळ्यात चांगलं काम आमच्या घरापासून तासाभराच्या रस्त्यावर आहे हेही माहीत होतं. म्हणून भाऊबीज झाल्यावर तिला घेऊन वेरूळला गेलो. जाता जाता गाडीत जे बोलणं झालं ते आधी सांगतो.

लांडगामाणूस हा मुळात युरोपचा. ग्रीक लोकांत लायकाऊन नावाचा राजा होता, त्याने देवाला माणसाचं मांस वाढलं आणि शिक्षा म्हणून तो लांडगा झाला. म्हणजे पहिल्यापासूनच ती शिक्षा आहे. तिकडच्या चित्रांतलं मला सर्वात भयंकर वाटतं ते लुकास क्रानाखचं, साधारण १५१२ सालचं, लाकडी ठशावरून छापलेलं. त्यात लांडगा नाहीच! एक माणूस हातापायांवर रांगतोय आणि त्याच्या तोंडात तान्हं मूल आहे. आजूबाजूला शरीराचे तुकडे. कान नाहीत, शेपूट नाही, केसाळ तोंड नाही. नुसतं रांगणं आणि ते तोंडातलं मूल. पुतणीला फोनवर दाखवलं तर तिने लगेच फोन परत दिला.

पण ह्या चित्रांची पुढची गोष्ट वाईट आहे. १५८९ साली जर्मनीत कोलोनजवळच्या बेडबुर्ग गावात पेटर श्टुम्प नावाच्या माणसाला लांडगामाणूस ठरवून हालहाल करून मारलं. छळाची भीती घालून कबुलीजबाब घेतला होता. त्याच्या मुलीलाही ठार मारलं. त्याची एकपानी चित्रपत्रकं आउग्सबुर्ग शहरातून छापून विकली गेली. आधी लांडगा, मग चाकाला बांधलेला माणूस, असं ओळीने एकाच पानावर. चित्रात जो लांडगा दिसतो तो खरा असणारच, अशी बघणाऱ्याची खात्री. राक्षस काढणं तिथे नुसतं चित्र काढणं राहिलं नव्हतं.

गंमत म्हणजे ह्याच आउग्सबुर्गमध्ये १५१५ साली आपल्याकडच्या देवाचं एक चित्र छापलं गेलं होतं. वार्थेमा नावाच्या इटालियन प्रवाशाने कालिकतच्या राजाच्या देवघरातली मूर्ती म्हणजे सैतान आहे असं लिहून ठेवलं. त्या पुस्तकाच्या जर्मन आवृत्तीसाठी योर्ग ब्रॉय ह्या चित्रकाराने, मूर्ती न बघताच, माणसं खाणारा शिंगवाला सैतान काढून दिला. मूळ मूर्ती नरसिंहाची असावी असा अंदाज अभ्यासकांनी केलेला आहे. पार्थ मित्तर ह्यांचं १९७७ सालचं पुस्तक ह्याच विषयावर आहे, युरोपने आपल्या देवांना राक्षस म्हणून कसं पाहिलं ह्यावर. मिळालं तर जरूर वाचा.

आपल्याकडे लांडग्याचा देव का झाला नाही? मला वाटतं, तो फार ओळखीचा होता. आमच्या माळरानावर मेंढ्या नेणारा, धनगरांच्या कुत्र्यांशी रोजचं भांडण असणारा. वाघाचा वाघोबा झाला, लांडगा मात्र 'लांडगा आला रे आला'मध्येच राहिला. नाही म्हणायला एक जण आहे. भीम! वृकोदर म्हणजे लांडग्याच्या पोटाचा. आपण ते नाव खादाडपणावर ढकलून मोकळे होतो. पण हाच भीम दुःशासनाची छाती फोडतो आणि युद्ध संपल्यावर गांधारीसमोर उभा राहून सांगतो की रक्त ओठांच्या आणि दातांच्या पलीकडे गेलं नाही. लांडगा होऊन परत माणसात यायचं म्हणजे काय, हे ह्या एका प्रसंगात जेवढं आहे तेवढं मला कुठल्या सिनेमात दिसलं नाही. (१९४१ सालच्या 'द वुल्फ मॅन'मध्ये जॅक पिअर्सने लॉन चेनी धाकट्याच्या तोंडावर याकचे केस चिकटवले. काम मेहनतीचं होतं, पण शेवटी केसच.)

असो. नरसिंहाकडे येतो.

शिल्पकाराची अडचण सरळ आहे. डोकं जनावराचं, धड माणसाचं. जोड कुठे द्यायचा? सिंहाच्या बाबतीत आयाळ मदतीला येते, मान झाकून जाते. शिवाय सिंहाचा चेहरा रुंद, नाक आखूड, डोळे समोर, त्यामुळे माणसासारखं रोखून बघता येतं. लांडग्याचं नाकाड लांब, समोरून काढलं की सगळा भाव त्या नाकातच जातो. पुतणीचे निम्मे लांडगे इथेच फसले होते. विष्णुधर्मोत्तर पुराणात नरसिंह कसा असावा ते सांगितलंय. खांदे, मान, कंबरेखालचा भाग भरलेला, पोट मात्र बारीक, वस्त्र निळं. भीतीचं काम तोंडाकडे, आणि अंग एखाद्या देखण्या तरुणाचं. वाटणी करून टाकलीय.

आणि तरीही सगळे नरसिंह सारखे नाहीत. रामटेकला वाकाटकांच्या काळातले, म्हणजे पाचव्या शतकातले दोन आहेत, केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह. एक गुडघा उभा करून निवांत बसलेले. चेहरा गोल, आणि खरं सांगायचं तर थोडा मांजरासारखा. जेवण झाल्यावर ओसरीवर बसलेल्या थोराड पाटलासारखे वाटतात. भीती वाटते ती त्यांच्या आकाराची. बदामीच्या तिसऱ्या लेण्यात (इ. स. ५७८) तो उभा राहिलाय, पण तोही आरामात. त्याला काहीच घाई नाही. पुढे कर्नाटकात हळेबिडला बाराव्या शतकात हिरण्यकशिपू मांडीवर आडवा आहे, पोट फाडलेलं आहे आणि आतडी माळेसारखी काढलेली आहेत. कोरीवकाम इतकं नाजूक की आतडी आणि दागिने ह्यांत फरक करायला वेळ लागतो. आपल्या कॅलेंडरांवर आला तोही हाच मांडीवरचा प्रसंग.

वेरूळ ह्या दोन टोकांच्या मधलं आहे.

दौलताबादचा किल्ला मागे टाकून, घाट चढून खुलताबाद, मग खाली वेरूळ. आम्ही मुद्दाम दुपारनंतर पोचलो. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी आत अंधार असतो, आणि सहलीच्या बसेस नेमक्या सकाळी येतात. चारनंतर ऊन तिरकं आत शिरायला लागतं. सगळी गर्दी सोळा नंबरच्या कैलासात, त्याला लागूनच असलेल्या पंधरा नंबरला, दशावतार लेण्यात, आमच्याशिवाय चार माणसं असतील. अंगणातल्या मंडपावर राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गाचा लेख आहे, म्हणजे काळ आठव्या शतकाच्या मध्याचा. जिना चढून वरच्या मजल्यावर गेलं की मोठं दालन. एका भिंतीत शिवाची शिल्पं, समोरच्या भिंतीत विष्णूची.

शिवाच्या बाजूला भैरव आहे. दात बाहेर, रुंडमाळ, झेप घेतलेला, खाली हाडांचा सापळा झालेली काली. माझा अंदाज होता की पुतणी तिथेच थांबेल. ती थांबली, बघितलं, "भारी आहे" म्हणाली आणि पुढे गेली. नरसिंहासमोर मात्र वही काढून खाली बसली.

तिथे काय आहे ते सांगतो. दोघंही उभे आहेत. हिरण्यकशिपू मेलेला नाही, आडवा पडलेला नाही, त्याच्याकडे तलवार आहे, ढाल आहे. तो निघालाय आणि वळलाय. नरसिंहाचे आठ हात मागे पसरलेत आणि तो एक पाऊल पुढे आलाय. त्याच्या आठातला एक हात हिरण्यकशिपूच्या खांद्यावर आहे. दोघांच्या अंगाचा डौल बघितला तर नाचाची सुरुवात वाटावी. रक्त कुठेही नाही. मारायला अजून क्षणभर अवकाश आहे.

खांद्यावर हात आपण कोणाच्या ठेवतो? मित्राच्या. मुलाच्या. शिल्पकाराने तीच खूण घेतली. जबडा वाढवला नाही, नखं लांब केली नाहीत. रामटेकचा बसलेला, बदामीचा उभा, आणि हा चाललेला. मला तरी वाटतं की सौंदर्य आणि भीती दोन्ही इथे एकाच जागी आहेत, त्या हातात. मी आधी सांगितलेली वाटणी, भीती तोंडाला आणि सौंदर्य अंगाला, ती ह्या माणसाने मोडून टाकली. कोण होता, नाव कुठेच नाही.

आता शिल्प झिजलंय. वेरूळच्या शिल्पांवर पूर्वी गिलावा आणि रंग असायचा. कैलासाला तर एके काळी रंगमहाल म्हणायचे. तेव्हाचा नरसिंह आजच्यापेक्षा भडक दिसत असणार. झिजल्यामुळे तो आपल्या आवडीचा झाला असेल हीही शक्यता आहे, म्हणून फार भाबडेपणाने बोलत नाही.

एक गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आली. हिरण्यकशिपूला वर होता, दिवसा नाही आणि रात्री नाही, म्हणून तो मारला गेला तिन्हीसांजेला. आणि ह्या लेण्यात सगळ्यात जास्त ऊन येतं ते सूर्य कलल्यावर. शिल्पकाराने हे ठरवून केलं असं म्हणायला पुरावा नाही. डोंगरकडाच पश्चिमेकडे आहे, त्याला तो काय करणार. पण रोज संध्याकाळी ते घडतं एवढं खरं.

पुतणी काढत होती. मधेच वर न बघता म्हणाली, "काका, अण्णा पण असेच असतात ना. संध्याकाळी."

घरच्यांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. अण्णा म्हणजे माझे वडील. पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तर, कधी पोराला पट्टी मारली नाही. दोन वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. सकाळी बरे असतात, पेपर वाचतात. सूर्य कलला की बदलतात. ओळखत नाहीत, ओरडतात, एकदा ताट फेकलं. ह्या आजारात संध्याकाळी असं होणं नेहमीचं आहे असं डॉक्टर म्हणाले, त्यामुळे आम्ही मोठ्यांनी ते 'नेहमीचं' म्हणून खात्यावर मांडून टाकलं. तिच्या वहीतले लांडगे कधीपासून सुरू झाले ते कोणी मोजलं नव्हतं. मीही नाही. आम्ही सगळे तिला विचारत होतो की असलं का काढतेस, आणि ती सांगतच होती की दिसायला छान पण पाहिजे.

मला पटकन काही सुचलं नाही. मी म्हणालो, नरसिंहाचा राग हिरण्यकशिपू मेल्यावरही गेला नव्हता, देवसुद्धा लांब उभे होते, शेवटी लहानगा प्रल्हादच जवळ गेला. ती म्हणाली, "माहितीये मला ते." आणि खोडरबर मागितला.

पहारेकऱ्याची शिट्टी झाली तेव्हा तिच्या पानावर नरसिंह नव्हताच. फक्त एक खांदा आणि त्यावरचा हात, चार वेळा काढलेला. परत येताना गाडीत अंधार होता, ती झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा ओसरीवर पेपर घेऊन बसले होते. तिने वही त्यांच्यासमोर धरली. रात्रीतून तिने त्या हाताला पूर्ण लांडगा जोडला होता, आयाळ सिंहाची ढापून. नाकाड तिरकं वळवलेलं, त्यामुळे डोळा नीट दिसत होता. अण्णांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं.

"हात चांगला आलाय," म्हणाले. "अंगठा चुकलाय पण. आण इकडे पेन्सिल."