अक्षरांची किल्ली कोणाच्या खिशात?

धुळे-सोलापूर महामार्गावर, जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात वडीगोद्री हे गाव आहे. २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत हा परिसर साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाला. जवळच्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी, आणि पुढे खुद्द वडीगोद्रीत ओबीसी आरक्षणाच्या रक्षणासाठी उपोषणे झाली. त्या वादाच्या गुणदोषांत शिरण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु त्यातील एक गोष्ट भाषा-साहित्याच्या अभ्यासकाने लक्षात घ्यावी अशी आहे. सप्टेंबर २०२३मध्ये शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि ‘कुणबी’ या नोंदीच्या शोधात मराठवाड्यातील निजामकालीन दप्तरे उलगडली जाऊ लागली. त्यांत उर्दू होती, मोडी होती. ती वाचणारी माणसे शोधावी लागली, ती सापडली, आणि कित्येक दशके मुके असलेले कागद बोलू लागले. कागदावरच्या एका शब्दावर हजारो कुटुंबांचे भवितव्य कसे अवलंबून असू शकते, हे या भागातील माणसांना त्या वेळी निराळे सांगावे लागले नाही.

आता याच्या उलट प्रश्न विचारून पाहावा. समजा, १९९६ साली मराठीत संगणकावर जुळवलेल्या एखाद्या कवितासंग्रहाची धारिका आज कोणाच्या हाती आली, तर ती वाचता येईल काय? बहुतेक वेळा उत्तर नकारार्थी येते. पडद्यावर उमटतात ती रोमन अक्षरे, विरामचिन्हे आणि चौकोन यांची रास. मोडी वाचणारा जाणकार शोधता येतो. परंतु ज्या टंकाने ती धारिका लिहिली तो टंक, त्याची आज्ञावली आणि ती चालवणारा जुना संगणक या तिन्ही गोष्टी एकत्र आणल्याखेरीज ही लिपी उलगडत नाही. शंभर वर्षांपूर्वीचा कागद वाचता यावा आणि तीस वर्षांपूर्वीची धारिका वाचता येऊ नये, हा विपर्यास कसा घडला, आणि काही प्रोग्रामरांनी विकत घेतलेली साधने एकेक करून बाजूला ठेवत तो कसा सोडवला, हा मराठीच्या अर्वाचीन इतिहासाचा एक दुर्लक्षित अध्याय आहे.

अक्षरांची साधने कोणाच्या मालकीची असावीत, हा प्रश्न मराठीला नवा नाही. मुंबईत देवनागरी छपाईची साधने प्रथम ठळकपणे दिसली ती मिशनऱ्यांच्या हाती. अमेरिकन मिशनच्या छापखान्यातील पुस्तके पाहून गणपत कृष्णाजींनी स्वतः लाकडी यंत्र तयार केले, शाई घरी बनवली आणि १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग छापले. पुढच्या पिढीतील जावजी दादाजी याच मिशनच्या छापखान्यात काम शिकले. १८६४ साली त्यांनी स्वतःची टाईप फाउंड्री काढली आणि १८६९मध्ये निर्णयसागर छापखाना उभा केला. राणोजी रावजी आरू यांच्या हातून कोरले गेलेले निर्णयसागरी वळण पुढे किती तरी काळ देवनागरीच्या सौंदर्याचा मानदंड राहिले. दुसऱ्याच्या साधनावर काम शिकायचे आणि मग ते साधन स्वतः घडवायचे, ही वृत्ती या दोघांतही दिसते.

येथे एक भेद मात्र नीट पाहायला हवा. जावजी दादाजी व्यापारीच होते. ते खिळे विकत. पण ज्याने खिळे विकत घेतले, ते त्याचे झाले. तो ते हवे तितक्या पुस्तकांसाठी वापरी, झिजल्यावर वितळवी, दुसऱ्याला विकूनही टाकी. शिवाय त्या खिळ्यांनी छापलेले पान वाचण्यासाठी निर्णयसागरची परवानगी कोणाला लागत नसे. व्यापार आणि पारतंत्र्य या दोन गोष्टी तेव्हा वेगळ्या होत्या. संगणकाने त्या एकत्र आणल्या.

तसे होण्याचे कारण तांत्रिक असले तरी समजण्यास अवघड नाही. संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर म्हणायचे, याचा सर्वमान्य करार असावा लागतो. असा करार भारतीय लिप्यांसाठी झालाही होता. ‘इस्की’ ही प्रमाण संकेतावली भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली स्वीकारली, आणि १९८८मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने त्या दिशेने मोलाचे काम केले. परंतु छपाईच्या व्यवसायाला घाई होती. पेजमेकरसारख्या पाश्चात्त्य आज्ञावल्यांना देवनागरी कळत नव्हती. त्यावर व्यवहारी तोडगा असा निघाला, की रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवायचे. संगणकाला वाटे आपण इंग्रजी लिहीत आहोत. डोळ्यांना दिसे मराठी. कोणत्या घरात कोणता तुकडा ठेवायचा, हे प्रत्येक कंपनीने आपापले ठरवले. श्रीलिपीचा ‘क’ एका घरात, आकृतीचा दुसऱ्या, आणखी कोणाचा तिसऱ्या. त्यावर कुलूप म्हणून बऱ्याच संचांबरोबर ‘डोंगल’ येई. संगणकाच्या मागे ती लहानशी डबी लावल्याखेरीज आज्ञावली चालत नसे.

या कंपन्यांना खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. १९९०च्या दशकात तालुक्याच्या गावापर्यंत डीटीपीची दुकाने गेली, लहान प्रकाशकांना पुस्तके काढणे परवडू लागले, दिवाळी अंकांची संख्या वाढली, ती याच साधनांच्या बळावर. मराठी प्रकाशनव्यवसायावर त्यांचे ऋण आहे. पण त्या ऋणाचे व्याज आपण आज फेडत आहोत. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ साली आली आणि २००४मध्ये त्याचा विकास थांबला. त्यानंतरही वर्षानुवर्षे मराठी पुस्तके त्याच आज्ञावलीत जुळवली जात राहिली, आणि तो सारा मजकूर कोणाच्या तरी खिशातल्या किल्लीच्या भरवशावर राहिला. अनेकांनी त्या आज्ञावल्यांच्या चोरट्या प्रती वापरल्या, म्हणून खर्च वाचला. किल्ली मात्र हाती आली नाही. फुकट आणि मुक्त यांतील अंतर याहून स्पष्ट करणारे उदाहरण सापडणे कठीण.

‘मुक्त’ या शब्दाचा नेमका अर्थ रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली सुरू केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पातून आला. आज्ञावली वापरण्याचे, तिचे अंतरंग वाचण्याचे, ती बदलण्याचे आणि बदललेली प्रत इतरांना देण्याचे स्वातंत्र्य, असा तो अर्थ. १९९१मध्ये लिनक्सचा गाभा आला, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही प्रसिद्ध झाली. जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला एकच जाहीर क्रमांक, हा युनिकोडचा करार. या दोन प्रवाहांचा मराठीत संगम व्हायला आणखी दहाएक वर्षे लागली. २०००च्या सुमारास ‘इंडलिनक्स’च्या मंडळींनी भारतीय भाषांसाठी लिनक्सचे काम हाती घेतले, मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवणारे जितेंद्र शहा आणि ‘इंडिकट्रान्स’चा गट याच कामात होता. ‘आकृती’च्या निर्मात्यांनीही आपले काही टंक मुक्त परवान्याखाली खुले केले, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. रेड हॅट कंपनीने ‘लोहित’ हा टंकसमूह मुक्त केला. लोहित म्हणजे तांबडा, आणि कंपनीच्या नावातली टोपीही तांबडी.

त्या काळातील मराठी प्रोग्रामरने आपल्या संगणकावरील परकी साधने कोणत्या क्रमाने काढली, हे पाहणे उद्बोधक आहे. सर्वांत आधी टंक बदलला, कारण तो बदलणे सोपे होते. मग लेखनाची आज्ञावली: वर्डच्या जागी ओपनऑफिस, आणि २०१०नंतर लिबरऑफिस. मग कळफलक: प्रमाण ‘इन्स्क्रिप्ट’ किंवा उच्चारानुसारी ‘गमभन’. मग लिहिलेले ठेवण्याची जागा. १९९६मध्ये सुरू झालेली ‘मायबोली’, २००४चे ‘मनोगत’, २००७मधील ‘उपक्रम’ आणि ‘मिसळपाव’ ही संकेतस्थळे मराठी माणसांनी स्वतः उभी केली आणि स्वतःच्या खर्चाने चालवली. यांतील शेवटची तीन ‘द्रुपल’ या मुक्त प्रणालीवर होती. मराठी विकिपीडियाही (२००३) मुक्त प्रणालीवरच चालतो. याउलट जिओसिटीज २००९ साली, ऑर्कुट २०१४ साली बंद झाले. याहू ग्रुप्सवरील मजकूर २०१९मध्ये पुसला जाऊ लागला आणि पुढच्या वर्षी ती सेवाच संपली. तेथे मराठीत जे लिहिले गेले, त्याचे पुढे काय करावे हा निर्णय लिहिणाऱ्यांच्या हाती नव्हता. स्वतःच्या घरालाही छप्पर शाकारावे लागते, चालकाचा उत्साह ओसरला की तेही गळू लागते, हे खरे. पण त्या घराची प्रत करून दुसरीकडे मांडता येते. भाडेकरूला ती सोय नसते.

सर्वांत अखेरीस आणि सर्वांत कष्टाने सुटले ते पुस्तकाचे पान जुळवण्याचे काम. ‘स्क्रायबस’ ही मुक्त आज्ञावली फार आधीपासून होती, पण तिला जोडाक्षरे जमत नव्हती. ती अडचण २०१७च्या १.५.३ या चाचणी आवृत्तीत दूर झाली. यामागे ‘हार्फबझ’ नावाचे एक साधन आहे. अक्षरांचे क्रमांक घेऊन त्यांची वेलांटी, रफार, जोडाक्षर यथास्थित बसवून देणे हे त्याचे काम. मूळचे इराणी असलेले बेहदाद इस्फहबोद यांनी ते घडवले, आणि आज फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस, अँड्रॉइड या सर्वांत देवनागरी दिसते ती त्याच्या आधाराने. फारसीत ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाज’ म्हणजे खुले. निजामाच्या दप्तरात वावरलेला, आणि मराठीतही ‘हरफ’ म्हणून नांदणारा हा शब्द अशा रीतीने आपल्या अक्षरांच्या तळाशी येऊन बसला आहे. एका भाषेसाठी सोडवलेला प्रश्न दुसरीला आपोआप लाभतो, हे मुक्त साधनांचे वैशिष्ट्य येथे दिसते.

तथापि खुला करार झाला म्हणजे तो आपल्या सोयीचा झाला, असे नव्हे. युनिकोडमध्ये देवनागरी आली ती मुख्यतः हिंदीच्या वळणाने. मराठी ‘ॲ’ला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. तोपर्यंत लोक ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवत होते. परिणामी ‘ॲरिस्टॉटल’ हा शब्द आज दोन प्रकारे साठवलेला आढळतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा निसटतो. ‘दुसऱ्या’मधील अर्ध्या ‘ऱ’चीही हीच कथा. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ टंकात येण्यासाठीही कोणाला तरी आग्रह धरावा लागला. शब्दसूची करणाऱ्या संशोधकाने हे ध्यानात ठेवले नाही, तर त्याचे आकडे चुकतील.

आणि एक विरोधाभास. विंडोजवर कित्येक वर्षे मराठी जगाने जो ‘मंगल’ टंक वाचला, तो रेखाटला होता र. कृ. जोशी यांनी. मराठीत दृश्यकाव्याचे प्रयोग करणारा हा कवी आणि सुलेखनकार. त्याचे वळण आपण रोज पाहिले, पण त्याची मालकी मायक्रोसॉफ्टकडे राहिली. पुढच्या पिढीतील गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांच्या ‘एक टाइप’ने ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे टंक खुल्या परवान्याखाली दिले, आणि ते आज कोणीही पुस्तकात वापरू शकतो, त्यात सुधारणाही करू शकतो. राणोजी आरूंच्या परंपरेत हे पाऊल मोठे मानावे लागेल.

मोडीचे उदाहरण या संदर्भात विशेष बोलके आहे. अंशुमन पांडे यांच्या प्रस्तावावरून मोडी लिपी २०१४ साली युनिकोडच्या ७.० आवृत्तीत आली, आणि तिचा ‘नोटो’ टंक खुल्या परवान्याखाली उपलब्ध आहे. ज्या लिपीला बाजार नाही, तिला मुक्त साधनांनी आधी जागा दिली. अंबडच्या दप्तरातील ओळ आज कोणी मोडीतच संगणकावर उतरवून घेतली, तर ती पन्नास वर्षांनी वाचण्यासाठी कोणत्याही कंपनीची संमती लागणार नाही.

साहित्याच्या अध्यापकांना यात तंत्रज्ञांचा विषय दिसत असेल, तर त्यांनी आपल्या विद्यापीठातील १९९० ते २०१० या काळातील प्रबंधांच्या धारिका एकदा उघडून पाहाव्यात. संहिताचिकित्सा आपण ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांसंबंधी शिकवतो. येत्या काळात ती पेजमेकरच्या धारिकांसंबंधी शिकवावी लागेल, आणि तेथे पाठभेद नसतील, पाठच नसेल. जुन्या टंकांतील मजकूर युनिकोडमध्ये नेणारी परिवर्तके आज आहेत. ती चालवून प्रत्येक पान मूळ छापील प्रतीशी ताडून पाहण्याचे काम मात्र मराठी जाणणाऱ्या माणसांनाच करावे लागेल. त्या पिढीतील जुळारी आणि प्रकाशक हयात आहेत, कोणत्या पुस्तकाला कोणता टंक वापरला होता हे त्यांना आठवते, तोवरच ते करून घेणे शक्य आहे.