वर्गातले सूत्र आणि विदर्भाची वीज

१९६० साली नागपुरात विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले. तेव्हापासून या नगरीतील किती तरी विद्यार्थ्यांनी परीक्षेच्या आदल्या रात्री एक सूत्र घोकले असेल: तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले तारेचा रोध. गुण मिळतात आणि सूत्र विसरले जाते. वस्तुतः महाराष्ट्राच्या विजेचा बराचसा इतिहास त्या एका ओळीत आहे.

शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. दाब दहापट केला, तर तेवढीच शक्ती नेण्यास एकदशांश प्रवाह पुरतो आणि त्याच तारेतील नाश शतांशावर येतो. एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये वीजघर उघडले, ते एकदिश प्रवाहाचे. त्याचा दाब चढविण्याची सोपी सोय तेव्हा नव्हती. म्हणून ती वीज मैलभराच्या परिघातच राहिली. प्रत्यावर्ती प्रवाह क्षणोक्षणी पालटतो, आणि रोहित्राला नेमका हा पालटच हवा असतो. त्याच्या बळावर वीज दूर जाऊ लागली. १९१५ साली खोपोलीच्या टाटा वीजघरातून घाटमाथ्याचे पाणी मुंबईच्या गिरण्या चालवू लागले, ते याच रीतीने.

पुढे विदर्भाच्या कोळशाची पाळी आली. १९७४ साली नागपूरजवळ कोराडीचे आणि १९८० नंतरच्या दशकात चंद्रपूरचे औष्णिक केंद्र सुरू झाले. पण मुंबई फार दूर! इतक्या लांब प्रत्यावर्ती वाहिनीत धारितेमुळे वाहिनीच प्रवाह खात बसते. म्हणून १९९९ साली चंद्रपूर ते कल्याणजवळचे पडघे अशी ७५२ किलोमीटरची वाहिनी सुरू झाली, ती एकदिश प्रवाहाची. हरलेला गडी थायरिस्टरच्या मदतीने परतला. थायरिस्टर म्हणजे वर्गातल्या डायोडचाच भाऊबंद. फक्त केव्हा वाहायचे ते त्याला सांगता येते.

आता एक गणित करू. शक्ती १५०० मेगावॅट, दोन ध्रुवांमधील दाब १० लाख व्होल्ट. म्हणून प्रवाह १५०० अँपिअर. दाब १ लाख असता, तर प्रवाह १५,००० अँपिअर आणि नाश शंभरपट! एवढ्या नाशात वीज पडघ्यापर्यंत पोचलीच नसती.

वीज बाहेर जाते आणि राख येथे राहते, हे गाऱ्हाणे विदर्भात आपण ऐकतो. त्याचा न्याय सूत्राने होणार नाही. मात्र वीज कशी जाते हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने त्या वादात काय बोलावे? सूत्र परीक्षेनंतरही लक्षात ठेवायचे, ते यासाठी.