एकविसावा वेताळ

७ जून १९९६ रोजी अमेरिकेत दोन साहसपट एकाच दिवशी प्रदर्शित झाले. त्यांपैकी ‘द रॉक’ जगभर गाजला. ‘द फँटम’वर सुमारे साडेचार कोटी डॉलर खर्च झाले होते आणि अमेरिकेतली त्याची कमाई पावणेदोन कोटींच्या आसपास थांबली. नायकाचं काम करणाऱ्या बिली झेनशी पुढच्या दोन भागांचाही करार झाला होता. ते भाग कधी निघालेच नाहीत. सुपरहिरोपटांचा इतिहास लिहिताना या चित्रपटाच्या वाट्याला सहसा एखादं वाक्य येतं, तेही जांभळ्या पोशाखाची थट्टा करणारं. मला मात्र हा चित्रपट मनापासून आवडतो, आणि त्या आवडीचं कारण माझ्या अनुवादाच्या कामाशी जोडलेलं आहे.

त्या अपयशामागे थोडा इतिहास आहे. १९८९च्या ‘बॅटमॅन’ने प्रचंड पैसा मिळवल्यावर हॉलिवूडने तीस-चाळीसच्या दशकांतले नायक आणि त्या काळाची हवा शोधून काढायला सुरुवात केली. १९९०मध्ये ‘डिक ट्रेसी’, १९९१मध्ये ‘द रॉकेटियर’, १९९४मध्ये ‘द शॅडो’ आणि शेवटी ‘द फँटम’. तोवर प्रेक्षकाला काळ्या रबरी चिलखतातला, रात्री गच्चीवर एकटा बसून कुढणारा नायक सवयीचा झाला होता. इथे भर उन्हात पांढऱ्या घोड्यावरून जांभळ्या कपड्यांतला माणूस येतो, सोबत लांडगा असतो, आणि तो चक्क हसतमुख असतो. त्याला काही सलत नाही. शत्रूला ठोसा मारतानाही तो सभ्यपणा सोडत नाही.

ली फॉक यांची ‘फँटम’ ही चित्रमालिका १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकी वृत्तपत्रांत सुरू झाली, म्हणजे सुपरमॅनच्या दोन वर्षं आधी. अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि बुबुळं न दिसणारा मुखवटा हे पुढे साऱ्या सुपरहिरोंचं गणवेशच झालेलं रूप इथे आधी दिसलं. या नायकापाशी अलौकिक शक्ती नाही. त्याच्यापाशी वारसा आहे. चारशे वर्षांपूर्वी चाच्यांनी बापाला मारलं, वाचलेला मुलगा किनाऱ्याला लागला, आणि त्याने अन्यायाविरुद्ध लढण्याची शपथ घेतली. तेव्हापासून बापामागून मुलगा तोच पोशाख चढवतो. लोकांना वाटतं, हा एकच माणूस आहे आणि तो मरत नाही. चित्रपटाचा काळ १९३८ आहे आणि नायक एकविसावा.

भारतात या माणसाला अनेक नावं मिळाली. मार्च १९६४मध्ये टाइम्स ऑफ इंडिया समूहाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केलं आणि ते १९९०पर्यंत चाललं. त्यात हिंदीत तो ‘वेताल’ झाला, मराठीत ‘वेताळ’. बंगालीत तो ‘अरण्यदेव’ आहे. कोलकात्याच्या एका अनुवादक मैत्रिणीशी याबद्दल बोलताना लक्षात आलं, की आम्ही दोघी एकाच चित्रांवर वाढलो, पण तिच्या डोळ्यांपुढे वनदेवता होती आणि माझ्या डोळ्यांपुढे भुतांचा राजा. मराठीतल्या ‘वेताळा’ला विक्रमाच्या खांद्यावरच्या प्रेताची सावली आहेच, पण आणखी एक अर्थ आहे. कोकणात आणि गोव्यात वेताळ हा गावाचा राखणदार देव. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीच्या वेतोबाला भक्त आजही मोठाले चामडी जोडे वाहतात, कारण तो रात्री गावाच्या रक्षणासाठी फिरतो आणि त्याचे जोडे झिजतात, अशी श्रद्धा आहे. मूळ मालिकेत फँटमला ‘चालतं भूत’ म्हणतात. मराठीत हे भूत आधीच चालत होतं, त्याच्या पायांत जोडेही होते. अनुवादात असं क्वचित घडतं, की परका शब्द दार ठोठावतो आणि त्याचा जुळा भाऊ आतून दार उघडतो.

भाषांतरात आणखीही काही बदललं. सुरुवातीच्या कथांमधला देश ‘बंगाल’ची आठवण करून देणाऱ्या नावाचा होता आणि चाच्यांचं नाव ‘सिंग’ होतं. भारतीय आवृत्तीत देशाचं ‘डेंकाली’ केलं आणि चाच्यांचं ‘सिंगा’. फॉक यांच्या कथांमध्येही हा देश आशियातून हळूहळू आफ्रिकेत सरकला. चित्रपटाने ‘बेंगाला’ हे नाव ठेवलं, चाच्यांना ‘सेंघ’ केलं, आणि थायलंडमध्ये चित्रीकरण करून देशाचा पत्ता धूसरच ठेवला.

आता पटकथेविषयी. ती जेफ्री बोम यांची, ‘इंडियाना जोन्स अँड द लास्ट क्रुसेड’ लिहिणाऱ्यांची. आधी दिग्दर्शन जो दान्ते करणार होते. त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितलं, की ही पटकथा विनोदी अंगाने लिहिली होती. पण ऑस्ट्रेलियन दिग्दर्शक सायमन विन्सर यांच्याकडे काम गेलं आणि ती गंभीरपणे चित्रित झाली. दान्तेंच्या मते घात तिथेच झाला. मला वाटतं, चित्रपट वाचला तो तिथेच. जुन्या कृतीचा अनुवाद करताना दोन मोह होतात. एक, भाषा आजची करून तिचं वय लपवायचं. दुसरा, मूळ लेखकाच्या भाबडेपणाकडे बोट दाखवून वाचकाला डोळा मारायचा. विन्सर दोन्ही टाळतात. मोडकळीस आलेल्या झुलत्या पुलावर ट्रक अडकतो, आत एक मुलगा असतो, आणि नायक त्याला वाचवायला धावतो. तिथे कुणी कोटी करत नाही. मुलाला वाचवायचं असतं, बस्स. नायकाच्या मेलेल्या बापाचं भूत येऊन त्याच्याशी गप्पा मारतं. पॅट्रिक मॅकगूहन ही भूमिका घरातल्या वडीलधाऱ्यासारखी करतात. वंशपरंपरेने आलेल्या कर्तव्याचं ओझं त्या गप्पांत फार सहज कळतं.

आवड असली तरी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. चारशे वर्षं एक गोरा घराणेदार माणूस जंगलाचा रक्षक आहे आणि जंगलातले लोक त्याचे विश्वासू सेवक आहेत. फॉक यांच्या प्रेरणांत टारझन होता, किपलिंगचा मोगलीही होता. वेताळाच्या मित्रजमातीचं ‘बांडार’ हे नाव हिंदी किंवा मराठी कानाला कसं लागतं, ते वेगळं सांगायला नको. चित्रपटात या लोकांना मोजकीच वाक्यं आहेत. जंगलाला हा रक्षक हवा होता का, हे त्यांना कुणी विचारत नाही. ‘सिंग’चं ‘सिंगा’ करून आपल्या संपादकांनी वरचा काटा काढला. मुळातली रचना तशीच राहिली. मुलं म्हणून आम्हाला ती दिसली नाही, याला ‘वेताळ’ हे घरचं नावही कारण होतं. चांगला अनुवाद परक्या गोष्टीला आपलंसं करतो, आणि कधीकधी तिचे दोषही आपल्या अंगणात बिनबोभाट आणून ठेवतो.

तरीही चित्रपटाच्या कथेत एक गोष्ट आहे जिच्याकडे फारसं लक्ष गेलेलं नाही. संकट जंगलातून येत नाही, न्यूयॉर्कमधून येतं. झँडर ड्रॅक्स हा धनाढ्य उद्योगपती जादुई शक्ती असलेल्या तीन कवट्यांच्या मागे आहे. पहिली कवटी त्याची माणसं जंगलातल्या गुहेतून पळवतात. दुसरी न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयात काचेआड ठेवलेली सापडते. एका मुलांच्या साहसपटाने चोरी आणि संग्रहालय यांना एकाच साखळीत ओवलं आहे. हे हेतुपुरस्सर केलं असेल असा दावा मी करणार नाही. पण ड्रॅक्स सुटाबुटातला चाचाच आहे, आणि चारशे वर्षांपूर्वीची शपथ त्यालाही लागू पडते, हे चित्रपट स्पष्ट दाखवतो.

आज पुन्हा पाहताना शेवट जरा जास्त लागतो. नायक मुखवटा काढून डायनाला आपली ओळख देतो, पण ती विमानाने न्यूयॉर्कला परत जाते आणि तो घोड्यावरून जंगलात. पुढच्या भागासाठी राखून ठेवलेला तो निरोप तसाच अर्धा राहिला. अमेरिकेतल्या तरुण प्रेक्षकाला कदाचित वाटलं असेल, की प्रेमकथा अपुरी राहिली. ‘इंद्रजाल’च्या वाचकांना तशी काळजी नव्हती. १९७७मध्ये मालिकेत त्या दोघांचं लग्न लागलं होतं, त्यांना पुढे जुळी मुलं झाली होती, आणि बाविसावा वेताळ कवटीच्या गुहेत रांगायलाही लागला होता.