भायखळा तुरुंगातील प्लेग लसीचा प्रयोग

भायखळा तुरुंगातील प्लेग लसीचा प्रयोग हा जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत झालेला तुलनात्मक वैद्यकीय प्रयोग होय. १० जानेवारी रोजी वाल्डेमार हाफकिन यांनी आपली लस स्वतःस टोचून घेतली. त्यावरून ती माणसाला सोसते एवढेच दिसले, प्लेग रोखते हे नव्हे. महिनाअखेरीस तुरुंगात साथ शिरल्यावर स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली. एकाच आवारातील लस न घेतलेल्यांत रुग्ण व मृत्यू अधिक आढळले. मात्र गट कैद्यांनी स्वतः निवडले होते. म्हणून १८९८ मधील बडोद्याजवळच्या उंडेरा गावची पडताळणी महत्त्वाची ठरते. तेथे एकाच कुटुंबातील काहींनाच लस टोचली गेली. साथग्रस्त घरांत लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ३, तर न घेतलेल्या ६४ जणांपैकी २६ जण दगावले.