नवा गुडघा, जुनी सायकल

धाराशिवचे एखादे सायकलवाले गुरुजी गुडघा बदलून आले, की घरची माणसे आधी सायकल अडगळीत टाकतात. “नवा सांधा घासेल हो!” मी इतिहास शिकवतो, वैद्यक नव्हे; पण ही भीती एकेकाळी खरी होती.

इंग्लंडातील शल्यविशारद जॉन चार्नली खुब्यात टेफ्लॉनची वाटी बसवीत. ती काही वर्षांतच झिजली, रोगी पुन्हा टेबलावर! या गृहस्थाने टेफ्लॉन स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन परिणाम पाहिला. पुढे कापडाच्या मागांची दातेरी चाके विकणारा एकजण इस्पितळात आला. त्या चाकांचे पॉलिथिलीन घासून पाहिले, ते टिकले. नोव्हेंबर १९६२ पासून तीच वाटी बसू लागली. गुडघे त्यामागून आले. २००० साली मुंबईत पंतप्रधान वाजपेयींचा गुडघा बदलला, तेव्हा ही शस्त्रक्रिया घरोघर ठाऊक झाली.

सायकलीवर अंगाचा बराच भार सीट घेते. म्हणून डॉक्टर आधी जागेवरची सायकल देतात. गुडघा साधारण ११० अंश वाकला, की पायडलचा फेरा पुरा होतो. सीट जरा उंच हवी. धोका पडण्याचा. तेव्हा डॉक्टरांनी होकार दिल्यावर आधी सपाट रस्ता, तुळजापूरचा घाट मागाहून. आणि दांडीवरून पाय टाकतानाच तोल जातो. सुनेची बिनदांडीची सायकल मागून घ्या, हसणारे हसोत.